शिकवायची राहिलेली सिंगल

पडेगावातल्या त्या चार मजली इमारतीत मल्हारीला सगळे एकच प्रश्न विचारायचे : पाणी कधी? त्याच्या खांद्यावर कायम व्हॉल्व्ह उघडायची लोखंडी चावी असायची, कमरेइतकी उंच, वर आडवा दांडा असलेली. दोन हजार सोळाचा एप्रिल होता, लागोपाठचं दुसरं कोरडं वर्ष. नळाचा भरवसा नव्हता. टँकर हौदात रिकामा झाला की मल्हारी आधी ए विंगचा, मग बी विंगचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि उरलेला वेळ गेटजवळच्या कडुनिंबाखाली बसायचा.

बी विंग उभी आहे तिथं एके काळी त्याची मेंढरं बसत. दिवाळीनंतर वैजापूरकडून कळप घेऊन निघायचं, पडेगावच्या मोकळ्या रानात मुक्काम टाकायचा, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. तक्रार म्हणून तो हे सांगत नसे. पत्ता सांगावा तसं सांगे. "ती लिफ्ट हाय ना, तिथं माझं बिऱ्हाड उतरायचं." आधीच्या दुष्काळात चारा संपला तेव्हा मेंढरं विकली. राखणीचं कुत्रं व्यापाऱ्याच्या टेम्पोमागं पळत गेलं. मल्हारीनं त्याला हाक मारली नाही. मारली असती तर ते आलं असतं, आणि मेंढरांवाचून त्याला काय काम द्यायचं हे त्याला सुचत नव्हतं.

म्हणून पहिल्या मजल्यावरची सुकेशनी गेटवर येऊन म्हणाली, "मामा, आमचं कुत्रं कुणी नेत असेल तर बघा हो," तेव्हा तो बसल्या जागेवरून उठलाच.

सुकेशनी शाळेत शिकवायची. तिचा बाप धम्मपाल तिच्याकडेच राहायचा. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. कुत्र्याचं नाव त्यानंच ठेवलं होतं, एसटीच्या निमआराम गाडीवरून, एशियाड. "छोट्या थांब्याला थांबत नाही," असं नावाचं कारण सांगायचा. खरंच थांबत नसे. बेल वाजली की तो तांबडा, दांडगा एशियाड स्वयंपाकघरातून सुटे, सोफ्यावरून उडी घेई आणि दार उघडताच येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय टेकी. चावायचा नाही. आनंदच एवढा की घरात मावत नसे. दहा दिवसांपूर्वी गॅसवाल्यानं बेल दाबली, धम्मपाल दार उघडायला निघाला आणि एशियाड त्याच्या दोन पायांमधून गेला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. येत्या रविवारी घरी सोडणार होते.

"बाबा यायच्या आत ते गेलेलं बरं," सुकेशनी म्हणाली. कुत्र्याचं नाव तिनं त्या दिवसापासून टाकलं होतं. "पुन्हा पडले तर पुन्हा चालणार नाहीत, म्हणालेत डॉक्टर. वैजापूरला मामेभावाची कांद्याची चाळ आहे. तिथं बांधून ठेवतील."

"कंडक्टर साहेबाला इचारलं?"

"रोज फोनवर पहिला प्रश्न त्याचाच असतो. लेक जेवली का, हे नंतर."

मल्हारीनं चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आज मंगळवार. रविवारपातुर मला द्या. नाय जमलं तर मीच नेऊन घालतो वैजापूरला."

"जमेल तुम्हाला?"

"कळप अन् तीन कुत्री सांभाळली, ताई. ह्ये तर येकच हाय."

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याच्या कुत्र्यांना दार ठाऊक नव्हतं. मुक्काम उठला की घरही उठायचं. कुणी घरी येत नसे, घरच चालायचं. दाराआड बसून वाट बघणं हे शहराचं काम. तिथं आनंद दिवसभर हौदासारखा भरत राहतो आणि दार उघडलं की एकदम सुटतो.

मंगळवारी त्यानं आपलं घोंगडं वर नेलं. रानात घोंगडं टाकलं की कुत्रं त्यावर दिवसभर राखणीला बसतं, हा त्याचा अनुभव. एशियाडनं घोंगड्याचा वास घेतला, तो त्यावर चारही पाय वर करून लोळला, मग एक टोक तोंडात धरून जिना उतरला आणि सगळ्या बी विंगला त्यानं ते घोंगडं दाखवून आणलं. जिना झाडणारी राजाबाई, म्हणजे मल्हारीची बायको, खराटा टेकून बघत राहिली.

"आवं, तुम्ही त्याला शिकिवता का त्यो तुम्हाला?"

तिसऱ्या मजल्यावरून वच्छलाबाई ओरडली, "मल्हारीभाऊ, कुत्रं सोडा अन् पाणी सोडा!"

बुधवारी मल्हारीनं कुत्र्याऐवजी माणसांना शिकवायला घेतलं. "ताई, तुम्ही 'ए, बस, गप' म्हणून वरडता. त्याला वाटतं, ह्याबी भुंकायल्या, म्हंजी कायतरी मोठं झालंय. पाठ फिरवायची अन् गप उभं ऱ्हायचं. आमच्यात कुत्रं पळून आलं की जीभ आत गेल्याबिगर त्याच्याशी बोलायचं नाय. जीभ आत गेली की मग नाव घ्यायचं, भाकरी द्यायची."

सुकेशनी स्वतःच्या घरात भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. "शेजारणीनं बघितलं तर म्हणेल, बाईंनाच शिक्षा झाली."

एशियाड तिच्याभोवती फिरला, उड्या मारल्या, तिच्या ओढणीचं टोक ओढून बघितलं. कुणीच काही बोलेना. तो बसला. लोंबणारी जीभ हळूहळू आत गेली. तिनं भाकरीचा तुकडा दिला. नाव मात्र घेतलं नाही. तेवढ्यात दूधवाल्यानं बेल दाबली, डिंग-डाँग, आणि भाकरी, जीभ, शिस्त सगळं सोफ्यावरून उडून दाराशी गेलं.

गुरुवारी मल्हारी दुपारभर जिन्यात बसून राहिला. मधेच उठून त्यानं दारावर हातानं थाप मारली. आत नुसती शेपटी आपटल्याचा आवाज. थोड्या वेळानं बेल दाबली. आत तोफ सुटली. पुन्हा थाप : शेपटी. पुन्हा बेल : तोफ. म्हणजे हा माणसांवर उसळत नव्हता. आपण तीन दिवस भलतंच राखत बसलो, हे त्याला कळलं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केले आणि रिक्षा धरून दवाखाना गाठला. चावी खांद्यावर तशीच राहिली होती.

"ये हथियार किधर ले जा रहे?" दारावरचा शिपाई म्हणाला.

"पाण्याची चाबी हाय. हितं ठिवली अन् गेली, तर आमची बिल्डिंग येऊन तुम्हालाच इचारील पाणी कधी."

धम्मपाल उशीला टेकून बसला होता. "जयभीम, मल्हारी! एशियाड कसाय?"

"जयभीम साहेब. लई जोरात हाय. त्या बेलचं काय लफडं हाय, ते सांगा आधी."

धम्मपाल आधी हसला. मग त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. "आमची बेल कशी वाजते? डिंग-डाँग. दोन ठोके. म्हणजे डबलच की! रिटायर झालो, पण डबल दिल्याशिवाय पाय उचलेना. रोज सकाळी त्याला फिरायला काढताना ती बेल दाबायचो. डबल बेल, चला! त्या बिचाऱ्याला काय माहीत गॅसवाला आलाय. त्याला वाटतं, गाडी सुटली."

"अन् गाडी थांबवायला?"

"सिंगल. एक ठोका, गाडी उभी."

"ती शिकिवली का त्याला?"

धम्मपालनं छताकडं पाहिलं. एकतीस वर्षं तो लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी उतरवत आला होता. "आता कुठं थांबायचंच नाही, असं वाटलं रे," तो म्हणाला. "सिंगल शिकवायची राहिलीच." मग म्हणाला, "पाय मीच मोडून घेतला म्हणायचा. पोरीला सांगू नको."

"इचारलं तर सांगीन," मल्हारी म्हणाला.

तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "बेलच काढून टाकते."

"दारातली काढाल. त्याच्या डोक्यातली?"

शुक्रवारी आणि शनिवारी पहिल्या मजल्यावर एकच आवाज होता. मल्हारी चावीचा दांडा दाराच्या जाळीवर एकदा मारायचा. टण्ण. मग सगळं घर पाठ फिरवून उभं. जीभ आत गेली की भाकरी. टण्ण. जीभ. भाकरी. शनिवारी संध्याकाळी त्यानं बेल दाबली आणि लगेच टण्ण दिली. एशियाड सुटला, सोफ्यापाशी अडखळला, अंगभर थरथरत उभा राहिला आणि खाली बसला. सुकेशनीनं वैजापूरला फोन केला नाही.

रविवारी रिक्षातून उतरवून धम्मपालला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला. रिक्षावाल्यानं एक बाजू धरली, मल्हारीनं दुसरी. सुकेशनी कुलपाची किल्ली शोधत पुढं, राजाबाई व्हॉल्व्हची चावी सांभाळत मागं. खुर्ची दाराशी टेकली. धम्मपालनं दार पाहिलं, त्याचा चेहरा उजळला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याचं बोट बेलवर गेलं.

डिंग-डाँग.

"बाबा!"

"अगं, सवय!" धम्मपालचा चेहरा पांढरा पडला. आत नखांची खरखर, भुंकणं, सोफ्याची धडधड. रिक्षावाला मागं सरला. आत काहीतरी फुटलं.

राजाबाईनं चावी पुढं केली. मल्हारीनं घेतली नाही. त्यानं ती धम्मपालच्या हाताकडं वळवली. "द्या साहेब. गाडी तुमची हाय."

धम्मपालनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि जाळीवर मारला. एकदाच. टण्ण.

आतली खरखर थांबली.

सुकेशनीनं दार उघडलं. एशियाड खोलीच्या मधोमध बसला होता. शेपटीनं फरशी पुसत होता, कान थरथरत होते, जीभ हातभर बाहेर. समोर त्याचा माणूस खुर्चीत. कुणीच बोलेना. धम्मपाल, जो भरल्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत जायचा, तोही ओठ मिटून बसला होता. डोळे मात्र त्याच्या ताब्यात राहिले नव्हते.

जीभ आत गेली.

आता नाव घ्यायचं होतं. सगळ्यांनी सुकेशनीकडं पाहिलं. तिनं बापाकडं पाहिलं, कुत्र्याकडं पाहिलं.

"एशियाड," ती म्हणाली, "सरकून घे. बाबांना बसायला जागा दे."

एशियाड उठला आणि चार पावलं बाजूला सरकला. ते त्याला कळलं की तो भाकरीकडं निघाला होता, हे कुणी तपासलं नाही. धम्मपाल खुर्चीतून गरजला, "चला चला, पुढं सरका, मधे जागा आहे!" आणि खुर्ची उंबऱ्याच्या आत आली. कुत्र्यानं त्याच्या चांगल्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. तिथंच ठेवली.

मल्हारीनं चावी खांद्यावर घेतली आणि जिना उतरला. टँकर कधीचा रिकामा होऊन गेला होता. बी विंगच्या सगळ्या गॅलऱ्यांतून बायका एकदम ओरडत होत्या. त्यानं हौदाच्या झाकणावर चावी एकदा आपटली. टण्ण.

गॅलऱ्या क्षणभर गप्प झाल्या.

"जीभ आत घ्या," मल्हारी वर बघून म्हणाला, "मगच पाणी सोडतो!"

"भाकरी कुठंय मग आमची?" वच्छलाबाईनं वरून विचारलं, आणि मल्हारीला हसू इतकं आलं की व्हॉल्व्ह उलट्या बाजूला फिरला.