नवलचं पिवळं यंत्र

पिंपळनेरजवळच्या झुंबरबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. पांझरा नदीला पूर आला तरी ती काठाकडं फिरकायची नाही, आणि पोरगा निघाला थेट दर्यावर नोकरीला! नवल गुजरातच्या किनाऱ्यावर सामान पोचवणाऱ्या बोटीवर खलाशी होता. पहिल्या पगारातून त्यानं काय आणावं? आईला लुगडं नाही, बापाला घड्याळ नाही. दर्यात संकट आलं की मदत बोलावणारं, मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र! झुंबरबाईनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"माय, हाई लाल बटन गम्मतमा दाबानं नही," तो हसत म्हणाला. "दाबं का आकाशमाईन खबर जास, मानसं धुंडाले येतस."

यंत्राच्या नोंदणीत त्यानं आईचाच फोन नंबर दिला होता. तपासणीचं बटण वेगळं होतं. ते महिन्यातून एकदाच दाबायचं, हिरवा दिवा लागला की यंत्र धडधाकट. उगाच दाबत बसलं तर बॅटरी उतरते. सुट्टीवर आला की तो हे काम आईवर सोपवायचा, आणि तीही हात धुऊन, पदराला पुसून मगच बटण दाबायची.

यंदा उन्हाळ्यात बॅटरीची मुदत संपत आली होती. नवलनं यंत्र बॅटरी बदलायला मुंबईला धाडलं आणि "बोटवर दुसरं शे ना," म्हणून निघून गेला. नवी बॅटरी घालून यंत्र घरी आलं, तेव्हा बोट बुडाली होती. वाचलेल्या एकानं फोनवर सांगितलं, की बोटीवरचं यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून कुणी ते दोरीनं करकचून बांधलं होतं. बोट बुडताच आपोआप सुटून वर यायचं, ते बोटीबरोबर तळाला गेलं. शहाणपण म्हणावं की मूर्खपणा?

नवलचा देह मिळाला नाही. अशा वेळी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पितृपक्ष जवळ आला तशी नवऱ्यानं, अभिमननं, गोष्ट काढली. पोराचा जीव असा अधांतरी किती दिवस ठेवायचा? झुंबरबाई कडाडली. जित्या पोराला कुणी अग्नी देतं का? ती दर अमावास्येला यंत्र तपासत राहिली. हिरवा दिवा लागला की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसऱ्यानं काय बोलावं!

शेवटी अभिमननं तिला न विचारता दिवस ठरवला. त्या सकाळी भटजी अंगणात दर्भ सोडू लागले, तशी झुंबरबाई यंत्र घेऊन मागच्या दारानं शेतात गेली. बांधावर उभं राहून तिनं अँटेनाची पट्टी उलगडली, झाकण तोडलं आणि लाल बटण दाबून धरलं. यंत्र लुकलुकू लागलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. बचाव केंद्रातला माणूस आधी हिंदीत बोलला, मग तिचा आवाज ऐकून मराठीत.

"आई, तुमच्या नंबरावर नोंदलेल्या यंत्राची खबर आली आहे. कोण संकटात आहे?"

"मना पोऱ्या. नवल. समुद्रमा शे."

"पण खबर समुद्रातून नाही. पिंपळनेरजवळ दाखवतंय, शेतात."

म्हणजे आला! झुंबरबाई गर्रकन वळली आणि डोक्याएवढ्या उंच मक्यात शिरली. "नवल! अरे नवल!" पानं चेहऱ्याला कापत होती, फोन कानालाच होता.

"आई, थांबा. यंत्र कुठं आहे?"

"मना हातमा शे."

पलीकडचा माणूस हळू म्हणाला, "आई, ते जिथं असतं ना, तिथलंच सांगतं. माणूस कुठं आहे ते त्याला कळत नाही."

झुंबरबाईनं लुकलुकणारं यंत्र डोळ्यांसमोर धरलं.

"ते बंद करा आता. दुसरं कुणी खरोखर बुडत असेल, तर त्याच्याकडं आम्हाला बघायला हवं."

दुसरं कुणी म्हणजे कुणाचा तरी पोरगाच. तिनं बटण पुन्हा दाबून धरलं. लुकलुकणं थांबलं.

ती घरी आली तेव्हा अभिमन मान खाली घालून अंगणात बसला होता. पुतळा अर्धाच झाला होता. झुंबरबाई त्याच्या शेजारी टेकली आणि दर्भाची एक जुडी उचलून तिनं भटजींच्या हातात दिली.

"करी टाका बठ्ठं," ती म्हणाली. "मना नवल गया."