धर्मपाल, उभा राहा

अमरावतीच्या एसटी स्टँडवर ज्याने कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्याला धर्मपाल माहीत आहे. चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. "दर्यापूरमार्गे अकोटला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे" हे वाक्य तो असं म्हणतो, की ज्याला अकोटला जायचं नाही तोही पिशवी उचलून उभा होतो. तो तिथे वाहतूक नियंत्रक आहे. माझं घर स्टँडपासून बरंच लांब आहे, तरी वारा या बाजूचा असला की त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो, आणि मी खिडकी लावून घेते.

मला मोठ्या आवाजांचा राग आहे. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवल्यावर माणसाला शांतता हवीच असते. धर्मपाल माझा तिथलाच विद्यार्थी. मराठीच्या तासाला तो बसलेला मला फारसा आठवत नाही. बोलला की उभं करायचं, हा माझा नियम होता आणि तो सतत बोलायचा. गंमत म्हणजे उभं केलं की एकदम गप्प व्हायचा. हात मागे, मान खाली, तास संपेपर्यंत शब्द नाही. मला त्याबद्दल आज वाईट वगैरे काही वाटत नाही. भरलेल्या वर्गात असं एक पोरगं असलं की बाईंचं काय होतं ते बाईंनाच माहीत.

नोकरी एसटीची, पण त्याचा जीव माइकमध्ये. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, कबड्डीचे सामने असोत, आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम असो, पंचक्रोशीत माइक धर्मपालकडेच. मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे पट बंद होते तेव्हा तो खरोखर आजारी माणसासारखा दिसायचा. पट सुरू झाले आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. बैलजोडी सुटायच्या आधीपासून तिच्या सात पिढ्या सांगायला तो सुरुवात करतो आणि ती पोहोचल्यावरही थांबत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. माइक गप्प झाला की माणसं पांगतात. आणि माणसं पांगली की मैदानावर जो आहे तो एकटा पडतो.

रग्बीशी माझा संबंध आला तो नातीमुळे. देवश्री कॉलेजात गेली आणि एक दिवस गुडघे सोलून घरी आली. अंडाकृती चेंडू घेऊन पुढे पळायचं आणि तो द्यायचा मात्र फक्त मागे. मला हा प्रकार आधी सरकारी कामकाजासारखा वाटला. पण पाहायला जाऊ लागले तशी गोडी लागली. त्याच संघात धर्मपालची मुलगी पायल होती. काटक, अबोल. बापाचं बोलणं तिच्या वाटणीचंही संपवून टाकत असावं.

पायलकडे किक होती. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय होतो आणि गुण मिळतात. त्यानंतर एका मुलीने एकटीने किक मारायची. चेंडू हातातून सोडायचा, तो जमिनीला टेकला रे टेकला की पायाने उडवायचा आणि दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून घालवायचा. तेवढा वेळ सगळ्या मैदानाने गप्प राहायचं, मग ती मुलगी आपली असो की समोरची. हा कुठे लिहिलेला कायदा नाही, खेळाची रीत आहे.

गेल्या वर्षी सामने अमरावतीत झाले. माइक अर्थातच धर्मपालकडे. मुलींचे प्रशिक्षक पुष्कर सर यांनी त्याला ही रीत समजावून सांगितली, तेव्हा त्याला ती पटेना. आपल्याकडे एखादी पोरगी एकटी उभी आहे, घाबरली आहे, आणि लोकांनी तोंडात मिठाची गुळणी धरायची? तिला वाटेल सगळे उठून गेले. सर म्हणाले, तुम्ही फक्त शांततेचं आवाहन करा.

पहिला ट्राय यवतमाळच्या मुलींनी केला. त्यांची एक मुलगी चेंडू घेऊन उभी राहिली. धर्मपालने माइक तोंडाजवळ नेला, आवाज गंभीर केला, आणि वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं वाक्यच बाहेर पडलं, "सर्वांना नम्र विनंती आहे, आपण दोन मिनिटं शांतता राखावी."

सगळं मैदान उठून उभं राहिलं. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले. भेळवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "कोन गेलं वं बाई?" मी सांगणार तेवढ्यात पाहिलं, तर किक मारणाऱ्या मुलीनेही चेंडू खाली ठेवून मान झुकवली होती. नागपूरहून आलेले पंच शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. किकची वेळ निघून गेली आणि बिचारीचे गुण बुडाले.

हसून हसून माझं पोट दुखलं हे खरं. पण घरी आल्यावर विचार करू लागले. लोकांचं काय चुकलं होतं? आमच्याकडे एवढी माणसं एकत्र येऊन गप्प बसतात ती कोणी गेल्यावरच. एरवी माणसाला आधार द्यायचा तो आवाजाने. लग्नात, पटात, दवाखान्याच्या बाहेरसुद्धा. न बोलता कोणाच्या पाठीशी उभं राहता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

त्या दिवशी पायलच्या दोन किक होत्या. दोन्ही वेळा धर्मपालने स्वतःला आवरण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो हरला. पायल आली, पायलने चेंडू धरला, या पायलचे पाय काळ्या मातीत घडले, असं सगळं त्याने माइकवर सांगितलं. दोन्ही किक खांबाबाहेर गेल्या.

पुढचं मला त्यानेच येऊन सांगितलं. रात्री जेवताना पायल ताटाकडे बघत म्हणाली होती, "बाबा, तुमी बोलून राह्यता ना, तवा मले पटातल्या बैलावानी वाटते."

एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही. आणि पुढचा सामना अकोल्याला होता, तिथे तुमी येऊ नका, असंही ती म्हणाली होती.

धर्मपाल माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता आणि मी आणून ठेवलेला चहा निवत होता. त्याला स्वतःच्या आवाजाविषयी असं कोणी कधी बोललं नव्हतं. मी तर कितीदा बोलले होते, पण माझं त्याने कधी मनावर घेतलं नाही. तो म्हणाला, "बाई, मी तिले एकटं पडू देत नव्हतो. आन् तिले वाटलं मी तिले हाकलून राह्यलो." मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून मी नेहमीप्रमाणे कडक बोलले. म्हटलं, जायचं तर जा, पण तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर ती पोरगी तुला पुन्हा कधी मैदानाजवळ येऊ देणार नाही.

त्याने पायलला तसं वचन दिलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बापाच्या वचनावर तिचा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

अकोल्याला आम्ही पालकमंडळी एसटीने गेलो. मनोज म्हणून एकीचे वडील होते, ते वाजवायला घरून डबा घेऊन आले होते. मैदान अकोल्याच्या लोकांनी भरलेलं. रग्बीत दोन्ही बाजूंचे प्रेक्षक मिसळून बसतात, वेगवेगळे कठडे नसतात. त्यामुळे आमच्या पुढेमागे सगळे अकोलेकर, आणि त्यांचा माइकवाला नवखा, त्याला रीतीचा पत्ताच नव्हता. धर्मपाल माझ्या शेजारी. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. पायलने मैदानातून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

अकोल्याने आधी ट्राय आणि किक दोन्ही मिळवलं. मग आमचा ट्राय झाला. पायल किकला उभी राहिली आणि सगळीकडून शिट्ट्या, आरोळ्या सुरू झाल्या. त्यात वाईट हेतू फार थोड्यांचा, बाकीचे सवयीने. किक चुकली. धर्मपालच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. तो काहीच बोलला नाही.

दुसरा ट्राय देवश्रीने केला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुन्हा पायल. पुन्हा गोंगाट. आणि धर्मपाल ताडकन उभा राहिला.

म्हटलं, गेलं. आता हा सगळ्या मैदानाला झापणार. मी त्याचा सदरा ओढला, "खाली बस" म्हटलं. तो बसला नाही. त्याने हात मागे घेतले, मान खाली घातली आणि वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला. तोंड बंद.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याला पाहिलं आणि टोपी काढून उभा झाला. त्याला बघून त्याचा मुलगा. मग ती रांग, मग पलीकडची. आरोळ्या अर्ध्यावर तुटल्या. माइकवालाही घाबरून थांबला. ज्यांना काही कळलं नव्हतं तेही उठले, कारण इतकी माणसं मान खाली घालून उभी असताना बसून राहणं आमच्याकडे शोभत नाही.

पायलने चेंडू सोडला. तिच्या बुटाचा आवाज मला एवढ्या लांबून ऐकू आला. चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला.

म्हाताऱ्याने धर्मपालच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

"कोनी नाही, काका," धर्मपाल म्हणाला. "माही पोरगी हाय ते." म्हाताऱ्याने एकदा पायलकडे पाहिलं आणि तो टोपी घालून खाली बसला.

गोष्ट इथे संपली असती तर मला ती लिहावीशी वाटली नसती. अगदी शेवटी अकोल्याने ट्राय केला आणि गुण बरोबरीत आले. आता त्यांची किक. गेली तर अकोला जिंकणार. त्यांची मुलगी बारीकशी, वेणी घट्ट बांधलेली, चेंडू दोन्ही हातांत धरून उभी. आमच्या मुली लांब मागे थांबलेल्या, पायल गुडघ्यांवर हात टेकून. मनोजभाऊंनी डबा बडवायला सुरुवात केली. आमची बाकीची माणसंही ओरडू लागली. आणि मीही तोंड उघडलं होतं. गोंगाटाचा राग असलेल्या माझ्या तोंडातून काय निघणार होतं ते मला माहीत नाही, पण शांतता नव्हे.

धर्मपाल उठून उभा राहिला. हात मागे, मान खाली.

मनोजभाऊ डबा थांबवून म्हणाले, "काहून उभा झाला बे? ते आपली नाही." धर्मपालने मान आणखी खाली घातली. त्याच्या जबड्याची हाडं हलत होती, मला दिसत होती. मागचा म्हातारा उठला. या वेळी त्याने कोणाला काही विचारलं नाही. मीही उठले. मनोजभाऊंनी डबा मांडीवर ठेवला आणि हळूहळू तेही उभे झाले. मैदान पुन्हा एकदा गप्प झालं, आणि त्या अनोळखी मुलीला त्या गप्पपणात तिची किक मिळाली.

चेंडू खांबांच्या मधून गेला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर मुली दोन रांगा करून एकमेकींना टाळ्या वाजवत मधून जातात, तशा गेल्या. पायलच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने त्या वेणीवाल्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि सरळ निघून आली. बापाजवळ थांबली नाही.

परतीच्या गाडीत धर्मपाल खिडकीशी, पायल त्याच्या शेजारी, मी आणि देवश्री त्यांच्या मागे. कोणी बोलत नव्हतं. मूर्तिजापूरला चहाला गाडी थांबली तरी दोघं उतरले नाहीत. मला वाटलं, गेली याची पोरगी हातची. दुसऱ्याच्या पोरीसाठी उभा राहिला आणि स्वतःच्या पोरीला हरवून बसला.

गाडी निघाली तेव्हा पायल म्हणाली, "तिच्या टायमाले बी उभे राह्यले तुमी."

"हो."

"मी पाह्यत होती." मग तिने शाल ओढून घेतली, डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं आणि म्हणाली, "बाबा, आता बोला."

धर्मपालने एकदा घसा साफ केला. मग तो बोलू लागला. कुठून सुरुवात केली, तिची कोणती धाव सांगितली, काय काय म्हणाला, मला काही सांगता येणार नाही. मी त्यांच्या लगेच मागच्या सीटवर होते, कान देऊन बसले होते, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही.