मीटरचं कपाळ

माझी नात मला ‘सायंटिस्ट आजी’ म्हणते. म्हणू दे. तिला मी तेव्हा होते त्या बाईची ओळख नाही. मला आहे. छप्पन्न वर्षांची, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिळमात्र शंका नाही. आज भेटली तर तिला बाकावर उभी करीन.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून आमची प्रयोगशाळा होती. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या पेटायला लागल्या, तेव्हा त्या तापल्यावर काय ओकतात हे शोधायचं काम आमच्याकडे आलं. आतल्या खोलीत पोलादी पेटी. त्या पेटीत बॅटरीचा एक सेल ठेवायचा, दार बंद करायचं आणि हळूहळू तापवायचं. सेल फुगतो, फुस्स करतो. तो धूर नळीतून चुन्याच्या पाण्यात बुडबुडत जातो आणि उरलेला वायू प्लास्टिकच्या पिशवीत जमा होतो. मग तो यंत्रावर तपासायचा.

वैरी दोन. एक फ्लोरिनचा वायू, फुप्फुसं जाळणारा. तो बराचसा चुन्याच्या पाण्यात अडकतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. त्याच्यासाठी भिंतीवर एक मीटर लावलेला होता. बाहेरच्या काचेतून त्याचा आकडा दिसे. शून्य असेल तरच आत जायचं.

खंडेनवमीला आम्ही सगळी उपकरणं पुसून पुजायचो. त्या वर्षी पूजा माझ्याकडे. तराजूला झेंडू, पान्यांना हळदकुंकू. मीटर खाली उतरवला, तर प्रश्न पडला की याचं कपाळ कुठलं? मधोमध गोल जाळी दिसली. तिथेच कुंकू लावलं. तेही साधंसुधं नाही. पडू नये म्हणून आईच्या पद्धतीने आधी बोटभर मेण आणि वर ठसठशीत कुंकू. सगळे म्हणाले, “वा, मॅडम!” आणि मॅडम फुलल्या. हवा त्याच जाळीतून आत जाते हे मॅडमनीच दर वर्षी नव्या मुलांना शिकवलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. रोज सकाळी मीटरला छोट्या डबीतल्या वायूचा एक फवारा द्यायचा आणि तो ओरडतो का बघायचं, हा नियम. त्या दिवशी मी म्हटलं, परवाच पूजा केलीय, आज परीक्षा कशाला?

माझ्याबरोबर जे सहायक काम करायचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. अमरावतीकडचे, चाळिशीचे, मांजरीतच बायकोबरोबर भाड्याने राहणारे. सेल फुसफुसून शांत झाला. भाऊ आत जाऊन नळी बघून बाहेर आले आणि खुर्चीवर बसले.

“मॅडम, डोकं लय जड वाटून राह्यलं.”

“वाटणारच. काल श्रीखंड किती वाट्या झालं?”

“मोजलं नाही, पण हे तसं नाही वाटून राह्यलं.”

“अहो, मीटर बघा. शून्य. मीटरला श्रीखंड चढत नाही. जा, पिशवी बदलून या, मग चहा घेऊ.”

ते गेले. मी पाठवलं म्हणून गेले.

काचेतून दिसलं, त्यांनी पिशवीची झडप बंद केली, भिंतीला हात लावला आणि सावकाश खाली बसले. मग आडवे झाले. मागे मीटर शून्यच दाखवत होता.

पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा चढवून मी आत गेले. पट्टा बसेना. काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर काढलं. त्यांचा चेहरा एका बाजूला कलला होता. मी त्यांना हाका मारत राहिले, आणि त्या हाकांना काही अर्थ नव्हता.

अँब्युलन्समधून त्यांना हडपसरच्या एका हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कोणता वायू?”

“दोन्ही असू शकतात.”

“असं चालणार नाही. ऑक्सिजन लावलाय. पण मोनॉक्साइडसाठी जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या पेटीत ठेवायचं, तर फुप्फुसं जळलेली नाहीत ना, हे मला कळायला हवं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ आहे. तुमच्याकडे काही मोजमाप?”

माझ्याकडे शून्य होता.

मी परत लॅबमध्ये आले. रिक्षात सारखी एकच गोष्ट मनात होती: त्यांनी बंद केलेली ती पिशवी. दाराशी वॉचमनना उभं केलं.

“मी पडले तर आत यायचं नाही. फायर ब्रिगेडला फोन करायचा.”

“आणि तुमचं काय, मॅडम?”

“सांगितलं तेवढं करा.”

कपाटातला हातात धरायचा दुसरा मीटर काढला. त्याला फवारा दिला. किंचाळला. आयुष्यात कुठला आवाज इतका आवडला नव्हता. पंखा लावला, वाट पाहिली, मुखवटा घालून आत गेले. चुन्याच्या पाण्यातून पिशवीकडे जाणाऱ्या नळीचा जोड सैल होता. भिंतीवरच्या मीटरची जाळी लालभडक. मी तिथेच उभी राहिले. क्षणभर वाटलं, पुसून टाकावं. कोण बघतंय? पुसलं नाही. मोठेपणा नाही हो, दोन्ही हातांत पिशवी होती.

धूर ओढणाऱ्या कपाटात पिशवी ठेवून सुईने नमुना घेतला आणि यंत्रात सोडला. वीस मिनिटं. पडद्यावर रेघ सरकत होती आणि मी तिला हात जोडत होते. आधी हायड्रोजनचा सुळका, मग मोनॉक्साइडचा, केवढा उंच. पिशवीत आणि त्या सैल जोडाच्या नळीत फ्लोरिनचा वायू जवळजवळ नव्हताच, सगळा पाण्यात उतरला होता. तरी ते दोनदा तपासलं. स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. मग डॉक्टरीणबाईंना फोन केला: खोलीत सुटला तो मोनॉक्साइडच, फुप्फुसं जाळणारा नाही. पलीकडून “ओके, हलवतोय,” एवढंच आलं.

भाऊ वाचले. नवव्या दिवशी घरी गेले. पण पुढे बरेच महिने पाना हातात घेतला की हात थरथरायचा, आणि निघालेलं काम मध्येच विसरायचे. लॅबमध्ये ते परत आले नाहीत.

मला दिसतो तो मात्र त्या पहिल्या दिवशीचा हॉस्पिटलचा व्हरांडा. भाऊ शुद्धीवर येऊन बायकोशी थोडं बोलले होते. डॉक्टरीणबाईंनी भाऊंच्या बायकोला सांगितलं होतं की या मॅडमनी जीव धोक्यात घालून तपासलं, म्हणून नेमका उपचार झाला. ती उठून माझ्या पायाशी वाकली. मी पाय मागे ओढले आणि सगळं सांगून टाकलं. मेण, कुंकू, न दिलेला फवारा.

तिने पदराने तोंड पुसलं.

“त्यायनं सांगितलं होतं नं तुमाले, डोकं जड वाटून राह्यलं म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मंग?”