सगळ्यांना गेलेला फोटो

झरीनाआपांना मेलमधून काहीही जोडून पाठवलं की लगेच त्यांचा फोन यायचा. "स्मिता, हे तूच पाठवलंस ना? उघडू का?" असायचा एखादा विणकामाचा नमुना. मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

देवळाली कॅम्पातल्या एका कचेरीत त्यांनी जन्मभर टायपिंग केलं. यजमान तोफखान्यात होते. ते गेल्यावर आपांनी क्रोशाचं काम करणाऱ्या बायकांचा मेल-गट सुरू केला. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. व्हॉट्सअॅप का नको, असं मी एकदा विचारलं. "तिथं प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, बेटा. सगळ्यांच्याच घरी ते चालत नाही."

त्यांचे नियम कडक होते. जड फाइल सगळ्यांना पाठवायची नाही, आधी आपांना दाखवायची. फाइलला नीट नाव द्यायचं. दुसरीचा नमुना तिला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. आणि फोटोत काम दिसावं, चेहरा नको. कुणी चुकलं तर ओरडायच्या नाहीत, एवढंच लिहायच्या, "गेलेली मेल मला परत बोलावता येत नाही."

एका हिवाळ्यात आम्ही काही जणी पहिल्यांदाच त्यांच्या अंगणात जमलो. चांदवडहून वृषाली आली होती, नवी आणि उत्साही. बाजारामागच्या खोलीतून रेखा आली होती. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती लेकीला घेऊन इथे राहत होती, पण हे फक्त आपांना आणि मला ठाऊक होतं. दुपार फार छान गेली. रेखा त्या दिवशी चक्क मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी आपांकडेच होते. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "या अल्ला." वृषालीने रात्रीच सगळे फोटो जोडून सगळ्यांना पाठवले होते. मधोमध हसणारी रेखा. खाली एका अनोळखी पत्त्यावरून उत्तर आलेलं, "ही आमची रेखा ना? कुठे असते आता?"

तो पत्ता रेखाच्या नणंदेचा निघाला. ती आमच्या गटात होती आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती.

आपांनी सगळ्यांना फोटो पुसून टाकायला लिहिलं. लिहिताना त्यांची बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. तेवढ्यात रेखाच लेकीला ओढत धावत आली. तिनेही मेल पाहिली होती. "आपा, तो येईल. त्याला दिसलं म्हणजे तो येणारच." आपांनी दोघींना आतल्या खोलीत बसवलं आणि पोलिसांना फोन लावला. मी पुन्हा फोटो पाहिला. मागे फाटकावरची पाटी होती. तिच्यावर आपांचं नाव आणि घराचा पत्ता स्पष्ट वाचता येत होता.

पोलीस यायच्या आधी फाटकाची कडी वाजली.

माणूस दिसायला अगदी साधा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. त्याने फोटो समोर धरला. "हेच घर ना? माझी बायको कुठाय?"

दाराशी मुलीच्या गुलाबी चपला पडल्या होत्या. माझं लक्ष तेव्हा तिकडे गेलं. आपा सावकाश पुढे झाल्या आणि चपलांवर साडीचा घोळ येईल अशा उभ्या राहिल्या.

"आली होती, चहा पिऊन गेली. कुणी कुठे राहतं ते मी विचारत नाही."

"आत बघू द्या."

"बसा की. मी पोलिसांना बोलावलंय, ते येतातच आहेत. त्यांच्यासमोर बघा."

त्याने आपांकडे बराच वेळ पाहिलं. मग तो गेला, पण लांब नाही. समोरच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि घराकडे बघत राहिला. आतून मुलीच्या खोकल्याचा आवाज येत होता आणि रेखा तिचं तोंड दाबून धरत होती. आपांनी दार लावलं आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या. पोलिसांची गाडी दिसल्यावर तो निघून गेला.

चौकीत तक्रार झाली. संध्याकाळी वृषालीचा रडत फोन आला. "रडू नको गं. पुढच्या वेळी विचार," एवढंच आपा म्हणाल्या. एका संस्थेने दुसऱ्या शहरात रेखाची सोय केली आणि तिला जुना फोन नि मेलचा पत्ता बंद करायला लावला. आम्ही दोघी तिला पोचवायला स्टेशनवर गेलो. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या प्रत्येक माणसाकडे आपा दचकून बघत होत्या.

गाडी आली तेव्हा रेखा म्हणाली, "आपा, आम्ही आता जातोय ते..."

आपांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला सांगू नकोस. त्यानं येऊन गळा धरला तर मी सांगून टाकीन. मी लय घाबरट बाई आहे."

रेखाचा नवरा त्यानंतरही आला, एकदा नव्हे, अनेकदा. ठाऊक नाही, असं आपा दर वेळी सांगायच्या आणि ते खरंच असायचं. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. रेखाला कळवावं असं मला फार वाटलं. पण पत्ता माझ्याकडेही नव्हता.