तीन कुलपांचं खातं

वनशीने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. तीही दुसऱ्या बाईची.

माझ्या केबिनमध्ये, माझ्याच पेनने. बचत गटाच्या विड्रॉवल स्लिपवर, म्हणजे पैसे काढायच्या कागदावर, आधी जेठीबाईने सही केली, मग सोमीने. तिसऱ्या जागी लखमीची सही हवी होती. वनशीने पेन घेतलं, जीभ दातात धरली आणि सावकाश ‘लखमी’ असं लिहिलं. वर रेघ ओढली. टोपण लावून पेन मला परत दिलं.

मी समोरच्या स्क्रीनवर लखमीचा फोटो बघत होते. फोटोतली बाई वेगळी होती.

“तू लखमी?”

“नाय. मी वनशी. लखमीची जाऊ.”

“मग लखमी कुठे आहे?”

“भिवंडीकडे, वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जातात ना ती. सही मला देऊन गेली.”

“सही देऊन गेली म्हणजे?”

“शिकवून गेली. तीन दिवस भिंतीवर कोळशाने घोटून घेतली माझ्याकडून. बघ ना, बरोबर हाय का नाय?”

मी बघितलं. खातं उघडताना प्रत्येकाच्या सहीचा नमुना घेतात, त्याला आम्ही स्पेसिमेन म्हणतो. स्पेसिमेनशी वनशीची सही तंतोतंत जुळत होती. ‘ल’चं वळणसुद्धा. मी डोक्याला हात लावला.

बँकेच्या तलासरी शाखेत मी तेव्हा मॅनेजर होते. आता निवृत्त होऊन डहाणूला घरी बसले आहे, म्हणून हे सांगायला मोकळी. आणि वनशीने मला ‘तू’ म्हटलं याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. आमच्याकडे पाड्यावरची माणसं मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही तू म्हणतात. त्यात अनादर नसतो. मला तर सरळ ‘तू’ ऐकलं की बरं वाटायचं, कारण ‘आपण’ म्हणणारे बहुतेक काहीतरी लपवायला आलेले असत.

हा बचत गट वेवजीच्या पुढच्या तीन पाड्यांचा. बाया बाराजणी. दोन वर्षं दर महिन्याला न चुकता पैसे भरत होत्या, आणि ते कशासाठी हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. त्यांना पिठाची गिरणी घ्यायची होती. तांदूळ-नागलीचं गाठोडं डोक्यावर घेऊन तासभर चालायचं, लाइट गेलेली असेल तर गाठोडं तिथेच ठेवून परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, याचा त्यांना वीट आला होता.

आता गिरणी समोर आली होती. चारोटी नाक्यावरचा एक गिरणीवाला गाळा सोडून गावी चालला होता. चक्की, मोटर, पट्टे, सगळं एकदम विकायला काढलं होतं. भाव गटाच्या आवाक्यातला. पण गुजरातचा एक व्यापारीही मागे लागला होता. गिरणीवाल्याने बायांना शब्द दिला होता तो उद्या, शुक्रवारी संध्याकाळपर्यंतचा. त्यानंतर तो टेम्पो भरणार.

आणि पैसे माझ्याकडे अडकले होते.

खरी गोम सांगायची तर खातं मीच निवडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी या बाया आल्या तेव्हा कोणी एजंट त्यांना तीन वर्षांच्या ठेवीचं गाजर दाखवून गेला होता. व्याज जास्त, पण मुदतीआधी मोडायचं तर अर्ज, वाट बघणं आणि दंड. मी म्हटलं, “अजिबात नको. तुम्हाला गिरणी कधी मिळेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का? पैसे सेव्हिंगमध्ये ठेवा. व्याज थोडं कमी, पण पाहिजे तेव्हा काढता येतील.” हे मी अगदी टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं.

सल्ला बरोबर होता. फॉर्मवरची पुढची खूण चुकली.

गटाच्या खात्याला एटीएम कार्ड नसतं. पैसे सह्यांवर निघतात. फॉर्मवर एक रकाना असतो, खातं कसं चालवायचं त्याचा. ‘तिघींपैकी कोणत्याही दोघी’ किंवा ‘तिघी मिळून’. मी ‘कोणत्याही दोघी’वर खूण करायला गेले तर जेठीबाईने माझा हातच धरला. ही गटाची अध्यक्ष, पन्नाशीची, आवाज खणखणीत.

“तिघी पाहिजे. एका पाड्याची एक.”

“अहो, अडचण होईल.”

“होत नाय. आमच्या पेटीला पण तीन कुलपं हाय.”

गट सुरू झाला तेव्हा ट्रेनिंगवाल्या ताईंनी त्यांना पत्र्याची पेटी दिली होती. तिला तीन कुलपं, तीन पाड्यांत तीन चाव्या. कोणी एकटी उघडू शकत नाही, म्हणून कोणाच्या मनात शंका नाही. मला ते इतकं आवडलं की मी ‘तिघी मिळून’वर खूण केली. चेकबुकही देऊ केलं नाही, उगाच हरवेल म्हणून. दोन वर्षं फक्त पैसे भरले गेले. भरायला सही लागत नाही, त्यामुळे ही गाठ कोणाच्या ध्यानातच आली नाही.

चावी मात्र फिरत असते. कामाला जाणारी बाई चावी जावेकडे ठेवून जाते, पेटी उघडते, कोणाचं अडत नाही. लखमीनेही तेच केलं. चावी ठेवली आणि सहीही ठेवली. त्यांच्या हिशेबाने यात लबाडी कुठेच नव्हती. लबाडी असती तर स्लिप घरूनच सही करून आणली असती, आणि माझ्या समोरच्या गर्दीत मी ती बहुतेक पासही केली असती.

मी स्लिप फाडली. वनशीचा चेहरा उतरला.

“चुकली का? दुसरी करू?”

“चुकली नाही. पण चालत नाही. ज्याची सही त्यानेच करायची असते.”

“मग चावी कशी चालते?” जेठीबाईने विचारलं. ती पुढे वाकली. “तूच बोललेलीस ना, पाहिजे तेव्हा निघतील? आज पाहिजे.”

तोंडात मारल्यासारखं झालं. मी वरच्या ऑफिसला फोन लावला. आमचे साहेब फटकळ, पण कामाला पक्के.

“सर, गटाचं खातं आहे. तिसरी सही करणारी बाहेरगावी आहे. तिच्या जावेने सही केली.”

“जुळते?”

“तंतोतंत.”

“मग अडलं कुठे?”

“माझ्यासमोर केली, सर.”

साहेब म्हणाले, “मॅडम, मग तुम्ही बघत कशाला बसलात?”

ही थट्टा होती. पुढचं थट्टेचं नव्हतं. “पास करायची नाही. ठराव करून सही बदलून घ्या.”

ठराव म्हणजे गटाची बैठक, वहीत नोंद, नव्या बाईची कागदपत्रं, मग ते सगळं वर पाठवायचं. चार-पाच दिवस कुठे गेले नाहीत. शुक्रवार त्यात बसत नव्हता. राहिला एकच रस्ता, लखमीला आणायचं. भट्टीवरच्या मुकादमाचा नंबर वनशीकडे होता. तो म्हणाला, रविवारी सोडतो. जेठीबाईने फोन हिसकावून त्याची चांगलीच हजेरी घेतली, पण तो बधला नाही.

“मी जाऊन आणते तिला,” वनशी म्हणाली.

ती मनोरच्या पुढे कधी गेली नव्हती. मी तिला कागदावर गाड्या कुठे बदलायच्या ते लिहून दिलं. तिने तो कागद बघितला, घडी केली आणि ब्लाउजात ठेवला. तिला वाचता येतं की नाही हे मी विचारलंच नाही. सही करते म्हणजे वाचता येत असणार, असं मी धरून चालले.

शुक्रवारी सकाळपासून माझं कामात लक्ष नव्हतं. उगाच चिडत होते. जेठीबाई आणि सोमी दहा वाजल्यापासून पासबुक घेऊन बाकावर बसलेल्या. मध्ये मी चहा पाठवला, त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे पैशाचं काम चारला बंद. तीन वाजले, सव्वातीन झाले. गिरणीवाल्याचा फोन येऊन गेला, गुजरातची पार्टी येऊन बसली आहे म्हणून.

चारला वीस मिनिटं असताना दोघी आल्या. लखमीच्या कोपरापर्यंत वाळलेली माती होती. ती तशीच कामावरून निघाली होती. पागधरे, आमचा क्लार्क, त्याने लगेच स्लिप पुढे केली. लखमीने पेन धरलं. बोटांना भेगा पडलेल्या. दोन महिने विटा थापलेल्या हातात पेन उभंच राहीना. कसंबसं नाव उमटलं. ‘ल’ एकीकडे, ‘मी’ एकीकडे, रेघ वाकडी.

पागधरेने स्क्रीनकडे बघितलं, स्लिपकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, सही जुळत नाही.”

कपाळ माझं! खरी बाई समोर उभी, तिची सही जुळत नाही. आणि कालची जुळणारी कचऱ्याच्या टोपलीत.

वनशीने ऐकलं असावं. ती पुढे आली. “मी करू का?”

“तू गप्प बस,” मी म्हटलं, आणि मलाच हसू फुटलं. लखमीही हसली. जेठीबाई तेवढी हसली नाही, ती घड्याळाकडे बघत होती.

मी लखमीचं आधार कार्ड मागितलं. चेहरा फोटोशी ताडला, पुन्हा एकदा सही करून घेतली आणि खाली लिहिलं, ‘ओळख पटवली, माझ्यासमोर सही केली.’ माझी सही, माझा नंबर, शिक्का. अशी सोय असते, पण पुढे काही निघालं तर मान आपली जाते. त्या दिवशी मला त्याची भीती वाटली नाही. पैसे चारच्या आत गिरणीवाल्याच्या खात्यात गेले आणि चौघी तशाच चारोटीच्या गाडीला पळाल्या. गुजरातची पार्टी हात हलवत परत गेली.

लखमी त्याच संध्याकाळी भट्टीवर परतली. मुकादमाने दंड धरून तिची दोन दिवसांची मजुरी कापली. ते मला नंतर कळलं आणि फार लागलं. खूण मी केली होती, भरपाई तिने केली. गटाने पुढे तिला ते पैसे दिले, पण म्हणून माझं समाधान झालं असं नाही.

जाण्याआधी तीच म्हणाली होती, “माझं नाव काढ, हिचं घाल. मी अर्धं वर्ष बाहेर. ही घरीच असते.” गटाने बैठक घेतली, ठराव केला. तिघींऐवजी ‘कोणत्याही दोघी’, आणि लखमीच्या जागी वनशी. पुढच्या आठवड्यात मी सहीचं नवं कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

“कर सही.”

“कोणाची?”

“तुझी. वनशीची.”

पेन तिच्या हातात तसंच राहिलं. मग तिने ते खाली ठेवलं.

“माझी नाय येत. मला एवढी लखमीचीच शिकवली.”

म्हणजे भिवंडीपर्यंत ती माझा कागद वाचत गेली नव्हती. दर स्टँडवर कोणाला तरी तो दाखवत गेली होती.

सही येत नसेल तर अंगठा चालतो. साधा नियम आहे, रोज वापरतो. मी तो तिला सांगितला नाही. एका कोऱ्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात ‘वनशी’ लिहिलं आणि म्हटलं, “भिंत आहे ना घरी? सोमवारी ये.”

सोमवारी ती आली. हाताला पीठ होतं, गिरणी सुरू झाली होती. तिने कार्डावर स्वतःचं नाव लिहिलं. लखमीच्या नावासारखं सुबक आलं नाही. मी ते स्पेसिमेन म्हणून घेतलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, आमच्या भागातलं कोणीही खातं उघडायला आलं आणि व्याज किती, असं विचारू लागलं की मी आधी विचारायचे, दिवाळीनंतर घरी कोण असतं?