लाल रिबिनीची गाठ

चादरीच्या कारखान्यात मागावर उभं राहून मला वीस वर्षं झाली. तुटलेला धागा मी असा जोडतो की जोड कुठं आहे ते नंतर मलाही सापडत नाही. त्यामुळे लेकीच्या वेण्या घालायची वेळ आली तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "त्यात काय एवढं? तीन पेड तर असतात."

वेळ आली ती अशी. लेक पाचवीसाठी नव्या शाळेत जाणार होती. तिथला नियम कडक. केस एक तर कापलेले, नाही तर दोन वेण्या, लाल रिबिनीनं वर बांधलेल्या. माझी बायको एसटीत कंडक्टर. तिला नेमकी त्याच महिन्यात मंगळवेढ्याच्या पहिल्या गाडीची ड्युटी लागली. ती पहाटे पाचला घर सोडणार, माझी पाळी दुपारची. म्हणजे सकाळी घरात मी, लेक आणि तिचे ते कमरेपर्यंतचे केस.

"अवो, तुमाला न्हाई जमायचं," बायको म्हणाली. "शाळा उघडायच्या आधी कापून टाकू की."

"कापा. मला चालतंय," लेक शहाण्यासारखी म्हणाली. पण दुपारी पाहिलं तर आरशासमोर उभी राहून, केस दोन्ही खांद्यांवरून पुढं घेऊन नुसती हात फिरवत होती. या केसांना कात्री लागू द्यायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

घरात आमच्याच कारखान्यातली चादर होती, टोकाला लांब दशा असलेली. ती खिडकीच्या गजाला बांधली आणि दशांच्या वेण्या घालत बसलो. चार दिवसांत दोन्ही टोकं भरली. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "पोरीच्या आधी चादरीलाच शाळेत घालताय व्हय?" हसू दे. हात बसत होता.

पण चादर मान हलवत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खऱ्या डोक्यावर भांग वाकडा गेला, पेड निसटले. मी फणीला नावं ठेवली. "नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली आणि तिनं परीक्षाच लावली. शनिवारी सकाळी घातलेल्या वेण्या ती संध्याकाळी परत येईपर्यंत टिकल्या पाहिजेत. नाही टिकल्या, तर रविवारी पार्लर.

शनिवारी माझी सुट्टी होती. लेकीनं दिवसभर दोरीवरच्या उड्या मारल्या. मी दोनदा ओरडलो, तरी थांबली नाही. वेण्या हलल्या नाहीत. संध्याकाळी बायको रिबिनी सोडायला बसली, तर सुटेचनात. हाताच्या सवयीनं मी मागावरची गाठ मारली होती, ओढावी तशी घट्ट होणारी. नखं झाली, दात झाले. शेवटी कपाटातून कात्री निघाली, पण रिबिनीसाठी.

"पास," बायको हसत म्हणाली. "पर शाळेला रिबिनीचं फूल करा बरं. मागावरची गाठ नको."

पहिल्या दिवशी फूल केलं. डावी वेणी जरा वर गेली होती. सोडून पुन्हा घालणार, तोवर खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. "राहू द्या, पप्पा," म्हणत लेक पळाली.

पहिलाच दिवस म्हणून शाळा लवकर सुटली. मी डबा घेऊन कामावर निघत होतो, तेवढ्यात ती आली. वेण्या जागच्या जागी होत्या.

"पप्पा, बाई म्हणाल्या, आईला सांग, डावी वेणी जरा खाली घालत जा."

माझा चेहरा पडला. "मग?"

"मग मी उभी राहून सांगितलं, आईनं न्हाई, माझ्या पप्पांनी घातल्यात."

"पोरी हसल्या असतील."

"हसल्या की. हसू देत."

आमच्या कामात जोड दिसला की तो दोष. चांगला जोडला, तर कुणी जोडला हे कुणी विचारत नाही. वीस वर्षांत माझ्या हातच्या कामाला कुणी माझं म्हटलं नव्हतं. लेकीनं ते भर वर्गात, वाकड्या वेणीसकट म्हटलं. मी डबा खाली ठेवला आणि तिला जवळ घेतलं. त्या दिवशी कारखान्यात मला उशीर झाला.