फोरसाइट स्पष्ट, टार्गेट धूसर

माझी आजी आज पहाटे गेली.

कॉलेजात तिचा नेम सगळ्यांत चांगला होता, कारण तिचे डोळे अधू होते.

हे वाक्य तिला आवडायचं नाही. पण मी ऑप्टिक्समध्ये काम करते आणि ते खरं आहे.

साठच्या दशकातलं जयपूर. पणजोबा मूळचे सांगलीचे, सरकारी नोकरीत बदली होऊन तिकडे गेलेले. आजी बीएस्सीला, एनसीसीत. वर्षातून एकदा मुलींना शहराबाहेरच्या रेंजवर नेत आणि जुनी थ्री नॉट थ्री हातात देत.

त्या रायफलीवर दुर्बीण नसते. डोळ्याकडच्या टोकाला एक खाच, ती बॅकसाइट. नळीच्या टोकाला लोखंडाची छोटी उभी पट्टी, ती फोरसाइट. पट्टी खाचेच्या मधोमध धरायची, दोन्हींचे माथे एका रेषेत, आणि पट्टीच्या वर टार्गेट.

तीन वस्तू, तीन अंतरं. डोळा एका वेळी एकच स्पष्ट धरतो.

नवशिके टार्गेट धरतात. तिथेच चुकतं. पट्टी केसभर सरकली तरी गोळी भलतीकडे जाते, आणि ती सरकली हे त्यांना दिसतच नाही.

आजी पालथी पडून म्हणाली, "उस्तादजी, टार्गेट साफ नहीं दिख रहा."

म्हणाली आणि जीभ चावली. तिला लांबचं दिसत नाही हे फक्त तिच्या आईला माहीत होतं. चष्मा लागला की स्थळं येत नाहीत. म्हणून वर्गात पहिला बाक आणि तोंड बंद.

उस्ताद, म्हणजे नेमबाजी शिकवणारे हवालदार, खूश. "शाबाश! नहीं दिखना चाहिए. आँख फोरसाइट पर रख, बेटा."

तिचा नंबर तेव्हा मायनस सव्वा. म्हणजे साधारण ऐंशी सेंटिमीटरच्या पुढचं सगळं धूसर. फोरसाइट डोळ्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर असते. बाकीच्या मुली जे प्रयत्नाने शिकत होत्या, ते हिला आयतं मिळालं होतं.

हे मी तिला समजावलं तेव्हा ती भडकली.

"मतलब माझं काहीच नाही?"

"काही अंशी आहे."

"अंशी म्हणे! श्वास कोणी धरला? चाप कोणी ओढला? तुझ्या त्या ऐंशी सेंटिमीटरने?"

दिल्लीला जाणाऱ्या नेमबाजीच्या टीमच्या निवडीसाठी तिचं नाव गेलं. आधी मेडिकल. तक्त्यावरच्या तिसऱ्या ओळीखालचं तिला काही वाचता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, चष्मा करा, मग या.

पणजोबांनी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, दुकानातून चष्मा करून दिला. ती बाहेर आली, वर बघितलं, आणि रस्त्यातच थांबली. नाहरगडाच्या तटाला कंगोरे आहेत हे तिला तोवर माहीत नव्हतं.

आणि नेम बिघडला. टार्गेट आता इतकं रेखीव दिसे की डोळा तिकडेच पळे.

उस्ताद म्हणाले, "गोली चलाते वक़्त उतार दे, बेटा. कौन देखता है?"

घरी तिची आई म्हणाली, "मुलाकडचे येतील तेव्हा तासभर काढ गं. कोण विचारतंय?"

दोघांना तिचं भलंच हवं होतं.

आजीने काढला नाही. रेंजवरही नाही.

"तिथे तरी काढायचास," मी म्हटलं. "तो फक्त नेमाचा प्रश्न होता."

"तिथे काढला असता, तर घरी आईला 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणाले असते?"

निवडीच्या दिवशी तिने चष्म्यातून गोळ्या मारल्या. टीममध्ये नाव आलं नाही.

मग मुलाकडचे आले. मुलाच्या मावशीने विचारलं, "चष्मा कायमचा आहे का?"

"हो. काढला तर कोण विचारतंय तेही दिसणार नाही."

नकार कळवायला त्यांनी आठवडाही लावला नाही. पणजी महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही.

गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, "टीममध्ये नाही गेलीस, त्याचं वाईट वाटतं?"

"वाटतं. अजून वाटतं."

"आणि त्या स्थळाचं?"

तिने खरोखर आठवून बघितलं.

"कुठलं गं?"

आजी, मला याहून जास्त लिहिता येत नाही.
तुला मनापासून शेवटचा नमस्कार.